गाळलेली ओळ

डॉक्टर मंजुषा मॅडमनी स्क्रीन आमच्याकडं वळवला आणि माझी मान आपोआप खाली गेली. स्क्रीनवर माझ्या पुतणीचा डोळा होता. राणीचा, उजवा, आतून. नारिंगी रंगाचं गोल मैदान, त्यात लाल रेघा पसरलेल्या आणि बरोबर मधोमध एक पिवळाजर्द गोल, अंडं फोडून तव्यावर सोडल्यावर बलक बसतो तसा. "बघितलात का हा बलक?" मॅडम म्हणाल्या. मी कशाला बघतोय! मी ते बारा वर्षांपूर्वीच बघितलं होतं. असाच गोल, असाच पिवळा, कागदावर छापलेला, माझ्या घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमखाली, प्लॅस्टिकच्या फोल्डरात पडून होता. त्याच्या वरच्या बाजूला नाव छापलेलं: कुलदीप हरिसिंग आडे. कुलदीप म्हणजे मीच. आणि कागदावरचे दोन्ही डोळे माझे नव्हते.

राणी नऊ वर्षांची. मॅडमच्या टेबलाशी स्टुलावर बसून ती पाय हलवत होती. थोड्या वेळापूर्वी आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो काढणाऱ्या बाईंनी तिची हनुवटी मशीनच्या खोबणीत ठेवली, कपाळ पट्टीला टेकवलं आणि म्हणाल्या, हिरव्या ताऱ्याकडं बघ बेटा. "तारा न्हाई," राणी म्हणाली. अगं मधोमध आहे, नीट बघ. "बघाया गेलं की जातो. कडंला बघितलं की येतो." बाई वैतागल्या. लबाडी करू नको, म्हणाल्या. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी एका पुरुषाच्या आवाजात ऐकलेलं होतं. मॅडमनी मात्र ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं, हा फार विरळा आजार आहे, बेस्ट नाव आहे त्याचं, शोधणाऱ्या डॉक्टरचं आडनाव. पडद्याचा मधला भाग बिघडतो, कडेचा शाबूत राहतो. म्हणून ती तुमच्याशी बोलताना तुमच्या तोंडाकडं न बघता कानाकडं बघते. तोंड बघायचं तर तिला कानाकडंच बघावं लागतं. आणि हा रक्तातून येतो. आई-बापातल्या एकाला असतोच बहुधा. "तुम्ही वडील?" काका, मी म्हणालो. "वडिलांना नीट दिसतं का?" वडील शेती करतात, मी म्हणालो, पुसेगावच्या पुढं तांडा आहे आमचा. "मी दिसतं का ते विचारलं." तसं कमीच, म्हणालो. कमीच! ज्याच्या डोळ्यांवर माझं सगळं आयुष्य उभं आहे त्याच्याबद्दल मी 'तसं कमीच' म्हणालो. मॅडम म्हणाल्या, त्यांना घेऊन या आणि त्यांचा कधी असा फोटो काढलेला असेल तर तो शोधून आणा, जुना फोटो असला तर फार गोष्टी लगेच कळतात. "नसेल," मी म्हणालो. बारा वर्षं सरकारी खुर्चीत काढलेल्या माणसाला हा शब्द फार कामाचा. खोटंही नाही, खरंही नाही.

घरी चालत निघालो. राणीनं माझं बोट धरलं होतं. ती रस्ता छान ओलांडते, कडेनं येणारी मोटारसायकल तिला माझ्याआधी कळते. म्हणूनच तर कोणाला शंका आली नाही. कोणाला म्हणजे निताला आली होती, माझ्या बायकोला. दोन वर्षांपूर्वी राणी आमच्याकडं शिकायला आली त्याच महिन्यात निता म्हणाली होती, पोरीला दाखवून आणा, ती पुस्तक नाकाला लावते. मी म्हणालो, खेड्यातलं लेकरू आहे, सवय नाही. मग म्हणालो, सुट्टीत बघू. मग म्हणालो, चष्म्याच्या दुकानात दाखवलं, नंबर नाही म्हणाले. ते खरं होतं. चष्म्यानं जात नाही हे मला कोणी सांगायला नको होतं. शेवटी नितानंच दवाखान्यात नाव घातलं तेव्हा निघालो. आणि एक गोष्ट तर मी निताला कधी सांगितली नाही. राणीला येऊन आठवडा झाला असेल. ऑफिसातले एक गृहस्थ चहाला आले होते. मी त्यांच्याशी बोलत होतो, आणि त्यांच्याशी बोलताना मी त्यांच्या कानाकडं बघत होतो. का ते पुढं सांगतो. तेवढ्यात राणी पाणी घेऊन आली आणि माझ्या कानाकडं बघत म्हणाली, काका, पाणी. गृहस्थ हसले. पुतणी काकावर गेली की हो, म्हणाले. ते जाईपर्यंत मी दम धरला. दार लावलं आणि राणीच्या गालात एक ठेवून दिली. "नक्कल करती व्हय माझी?" सात वर्षांचं पोरगं. रडली नाही. गालावर हात ठेवून तिनं मान जराशी फिरवली आणि माझ्या दुसऱ्या कानाकडं बघत राहिली. मला वाटलं, किती निगरगट्ट आहे! अहो, ती माझा चेहरा शोधत होती. मी का मारलं ते तिला माझ्या चेहऱ्यावर बघायचं होतं.

नक्कल माझी कोण करणार? नक्कल मीच करत आलोय. ते कानाकडं बघणं माझ्या भावाचं, मोहनसिंगचं. मी त्याला भिया म्हणतो, आमच्या बोलीत भावाला तसंच म्हणतात. दीड वर्षानं मोठा. लहानपणी तांड्यावर त्याला कानाशी बोलणारा म्हणायचे. ढोरामागं तो सगळ्यात पुढं. गवतात काही सळसळलं की पहिला त्याला दिसायचं, पळणारं करडू तो झेप घालून धरायचा. आणि शाळेत पाटीवरचा ग त्याला दिसायचा नाही. गुरुजी म्हणायचे, बकरी दिसती अन् अक्षर काहून न्हाई दिसत रे? आणि छडी. त्याचं उत्तर ठरलेलं, बघाया गेलं की जातं गुरुजी. वर्ग खदाखदा हसायचा. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू. मग घरी याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, मला कामाला लावलं. रोज संध्याकाळी मी धडा मोठ्यानं वाचायचा आणि त्यानं ऐकून पाठ करायचा. त्याचं पाठांतर असं, की एकदा ऐकलं की उतरलंच. त्याला वाचून दाखवता दाखवता मीच हुशार झालो, गुरुजी माझं कौतुक करायला लागले. पण पोरं बाहेर खेळत असली की माझा जीव वाचनात लागायचा नाही. मी ओळी गाळायचो. मधल्या दोन, शेवटची एक. दुसऱ्या दिवशी त्याला नेमकी तीच विचारली की छडी बसायची. संध्याकाळी तो एवढंच विचारायचा, "आज गाळलं न्हाई न्हवं काही?" मी म्हणायचो, न्हाई. तो मानायचा. पाचवीत त्याची शाळा सुटली आणि माझी बी.ए.पर्यंत चालली.

बी.ए. झालो आणि चार वर्षं नुसता फिरलो. मग कमी दिसणाऱ्यांच्या राखीव जागेची जाहिरात आली. ती मी याडीला गंमत म्हणून वाचून दाखवली. गंमतच होती! याडीनं भाकरी थापता थापता ऐकलं, हात थांबवला आणि म्हणाली, मोहनच्या डोळ्याचा मोहनला काय उपेग? तुझ्या तरी कामी येऊ दे. हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता. मला आनंद झाला. एका घरात एकाकडं शिक्षण आणि दुसऱ्याकडं आजार, याडीनं दोन्ही जोडून एक उमेदवार तयार केला. मोहनसिंग ओट्यावर दोरी वळत बसला होता. तो हसला. "घे की," म्हणाला, "तसंबी मी ते वापरून न्हाई राहिलो." आम्ही दिसायला सारखे. त्यानं मिशी काढली, माझा शर्ट घातला. लांब, परक्या गावी डोळे तपासून दाखला देणारं एक शिबिर होतं, तिथं गेलो. तो आदल्या दिवसापासून घोकत होता: मी कुलदीप, मी कुलदीप. तरी नावाची हाक आली तेव्हा तो बसूनच राहिला. मी कोपर मारलं. तो उठला, आत गेला, दार अर्धं उघडं होतं आणि मला ऐकू आलं: हिरव्या ताऱ्याकडं बघा. "साहेब, बघाया गेलं की जातो." तिथल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला. त्यांनी दोनदा फोटो काढले, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवले. मोहनसिंग बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तो छापील कागद होता. "काय लिहिलंय?" मी वाचलं, नाव, वय, गाव. "आन खाली? डॉक्टर लिहून राहिला होता, पेन वाजत होता." खाली शाईनं चांगल्या तीन ओळी होत्या. त्याच्यासाठी होत्या. मी त्या मनात वाचल्या आणि म्हणालो, सही हाय. त्यानं मान हलवली. येताना एस.टी.त तो मला चिडवत होता, आजपासून मी साहेब, तू जा ढोरामागं.

मला नोकरी लागली. आता नोकरी टिकवायची तर दिसत नाही असं दिसायला पाहिजे. मी साध्या काचेचा जाड चष्मा केला. फाइल नाकाशी धरायला शिकलो. मोटारसायकल चालवणं सोडलं. आणि साहेबांशी, शिपायाशी, चहावाल्याशी बोलताना मोहनसिंगसारखा कानाकडं बघायला लागलो. सुरुवातीला मान दुखायची. मग अंगवळणी पडलं. ऑफिसातली माणसं भली हो. कोणी हात धरून जिना उतरवायचं, कोणी मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं. एका बाईंनी माझ्यासाठी नवस बोलल्याचं मला सांगितलं तेव्हा मी संडासात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. घरी आलो की चष्मा काढायचा आणि सरळ बघायचं. निताला कागदांचं माहीत होतं, कसेतरी केले असतील एवढं. कोणाचे डोळे ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि मोहनसिंगला मी बजावून ठेवलं होतं: डोळ्याच्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. तिथं फोटो काढतात. डोळ्यातल्या रेघा अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन फोटो जुळले की दोघंही आत. "मला काय करायचंय दाखवून," तो म्हणाला. त्याच्या नावानं कधी कागद झाला नाही, सवलत झाली नाही, औषधाचा थेंब झाला नाही. सरकारच्या लेखी मोहनसिंग आडे धडधाकट माणूस. मी आंधळा.

आता ते सांगतो जे सांगायला मी एवढा वेळ घालवला. सहा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, भर दुपारी त्याचा फोन आला. मी ऑफिसात होतो, समोर माणसं होती. "कुलदीप, दारापुढचा लायटीचा खांब मधीच वाकडा दिसून राहिला रे. उजव्या डोळ्यानं. डाव्यानं सरळ हाय." माझ्या हातातलं पेन थांबलं. शाईतल्या तीन ओळींपैकी एक ओळ मला तोंडपाठ होती: सरळ रेषा वाकडी दिसू लागल्यास त्याच आठवड्यात येणे. मी समोरच्या माणसाच्या कानाकडं बघत फोनवर म्हणालो, "उन्हाचं हाय ते. पाणी मार डोळ्यावर." "व्हय का? बरं." तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. आता खांब वाकडा दिसत नाही, म्हणाला, आता खांबच दिसत नाही. त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्या संध्याकाळी जेवलो हे आठवतं. पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो की तो डोळा तसाही गेलाच असता. कोणी सांगावं! कोणी म्हणजे डॉक्टरनं सांगितलं असतं. तिथं जायची वाट मीच बंद केली होती.

तर मोहनसिंग आला. राणीचं नाव काढल्यावर त्यानं एका शब्दानं विचारलं नाही की आता फोटो चालतो का. फक्त म्हणाला, येतो. सकाळच्या गाडीनं उतरला, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. राणी पळत गेली आणि त्याच्या समोर उभी राहिली. बाप तिच्या कानाकडं बघतोय, ती बापाच्या कानाकडं, आणि दोघं हसतायत. डेपोच्या गर्दीत मला तोंड कुठं लपवू असं झालं. त्याआधी घरून निघताना मी कपाट उघडलं होतं, अल्बम बाजूला केला होता आणि फोल्डर पिशवीत टाकलं होतं. निता दारात उभी होती. "ते काहून नेताय?" माहीत न्हाई, म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. दाखवायला नेतोय की वाटेत कुठं फाडून टाकायला नेतोय, हे मी दवाखान्याच्या पायरीपर्यंत ठरवलेलं नव्हतं.

मॅडमनी त्याचे फोटो काढले आणि एकेक डोळा स्क्रीनवर लावला. उजव्या डोळ्यात बलक नव्हताच, पांढुरका डाग होता. तो जुना व्रण आहे, त्याला आता इलाज नाही, म्हणाल्या. डावा मोठा करून त्या पुढं वाकल्या. पिवळ्या गोलाखाली करडी सावली होती, आणि दुसऱ्या मशीनवर पडद्याचा उभा छेद दिसत होता त्यात काळी फट, पाण्याची. मॅडमनी नीट समजावलं. हे पाणी या आजारात वर्षानुवर्षं तसंच बसून राहू शकतं, तसं असेल तर हात लावायचा नाही. पण खाली नवीन रक्तवाहिनी फुटली असेल तर हाच डोळा महिन्याभरात उजव्यासारखा होईल, आणि तसं असेल तर इंजेक्शनं देऊन वाचवता येतो. जुनं की नवीन, एवढाच प्रश्न आहे. "मोहनसिंगजी, आधी कधी फोटो काढला होता?" "कधीच न्हाई मॅडम," तो म्हणाला. इतक्या पटकन, की प्रश्न संपायच्या आत. मग भिंतीकडं तोंड करून, देवाचं नाव घेतल्यासारखं, आमच्या बोलीत, जी मॅडमना कळत नव्हती: तू गप बस, तुझी लेकरं हाईत. मॅडम म्हणाल्या, मग मोठ्या गावी पाठवते, शिरेत रंग सोडून तपासतात, पण तारीख महिना-दीड महिन्यानं मिळेल. महिना! मी हिशेब केला नाही असं नाही. दीड महिन्यात डोळा जातो की राहतो, आणि त्याच्या दुसऱ्या पारड्यात माझी खुर्ची. पारडं माझ्या बाजूला झुकत होतं. लाज वाटते सांगायला, पण ते झुकत होतं.

"तुम्हीही बसा मशीनवर," मॅडम मला म्हणाल्या, "सख्खे भाऊ आहात, तुम्हालाही असू शकतो." मी म्हणालो, नको, मला नीट दिसतं. बोललो आणि थबकलो. घराच्या बाहेर बारा वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून आलं नव्हतं. "नीट दिसतं? मग हा चष्मा?" मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मॅडमनी तो उचलून त्यातून बघितलं. साधी काच. त्यांनी मशीनकडं हात केला. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. हनुवटी खोबणीत, कपाळ पट्टीला. बाई म्हणाल्या, हिरव्या ताऱ्याकडं बघा. आणि तो होता हो. बरोबर मधोमध. बारीक, टोकदार, जागचा न हलणारा हिरवा तारा. बघितलं तरी जात नव्हता. या ताऱ्यासाठी माझा भाऊ शिबिरात मान वेडीवाकडी करत होता, पोरगी इथं लबाड ठरली होती, आणि मला तो फुकटात, बसल्या जागी दिसत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई म्हणाल्या, पापणी मिटू नका.

बाहेर स्क्रीनवर माझे दोन्ही डोळे लावले होते. स्वच्छ नारिंगी, मधे कसला डाग नाही, कण नाही. "सुरेख," मॅडम म्हणाल्या, "विद्यार्थ्यांना दाखवावा असा पडदा आहे तुमचा. सुटलात तुम्ही." मोहनसिंगनं अंधारात चाचपडावं तसा माझा दंड शोधला आणि दाबला. "चांगलेत न्हवं? झालं मग. बरं झालं." त्याच्या आवाजात खरा आनंद होता, मी शोधून बघितलं, दुसरं काही नव्हतं. राणी स्क्रीनला नाक लावून उभी होती. तिनं मान तिरकी करून इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि जाहीर केलं, "काकाच्या डोळ्यात बलक न्हाई."

मी पिशवीतून फोल्डर काढलं. प्लॅस्टिक वाजलं तसा मोहनसिंगनं कान टवकारला आणि आमच्या बोलीत म्हणाला, कुलदीप, नको. मी मराठीत बोललो. मॅडमना कळावं, फोटोवाल्या बाईंना कळावं, दारात उभ्या असलेल्या पुढच्या पेशंटलाही कळावं म्हणून मराठीत, आणि मोठ्यानं. "मॅडम, हा बारा वर्षांपूर्वीचा फोटो. नाव माझं आहे. डोळे याचे आहेत. याला मी माझ्या नावानं बसवलं होतं, आणि त्यावर मी नोकरी करतोय." मॅडमनी कागद घेतला, नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, स्क्रीनवरच्या माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी कागद मोहनसिंगच्या डाव्या डोळ्याच्या आजच्या फोटोशेजारी धरला आणि बोटानं एकेक लाल रेघ जुळवत गेल्या. हा दुफाटा, हे वळण, ही बारकी. रेघा त्याच होत्या. सावली जुन्या फोटोत नव्हती. "नवीन आहे," त्या म्हणाल्या. "ही सावली बारा वर्षांपूर्वी नव्हती. येत्या सोमवारी पहिलं इंजेक्शन देऊ. आहे तेवढं राहील, बहुतेक." मग त्यांची नजर कागदाच्या खालच्या बाजूला गेली, शाईवर. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. "हे तुम्ही वाचलं होतं?" हो, मी म्हणालो. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "हा फोटो यांचा आहे असं लिहून द्या. सहीनिशी. त्याशिवाय मला तो यांच्या फाइलला लावता येणार नाही. त्यातून तुमचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." मी पेन घेतलं आणि घ्या, सवयीनं हात 'विषय' लिहायला लागला. खोडलं. सरळ लिहिलं. चार वाक्यं झाली. चष्मा टेबलावरच होता, सही त्याच्याशिवाय केली.

"काय वाचलं होतं?" मोहनसिंग म्हणाला. त्यानं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं, माझ्या कानाकडं. "मॅडम काय म्हणल्या, तू काय वाचलं होतं? सही होती म्हणला होतास." मॅडम वाचायला लागणार तेवढ्यात त्यानं हात वर केला. "तुमी नका. तो वाचंल. लहानपणापून तोच वाचतो मला." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी नाकाशी नेला नाही, पुढ्यात धरला, माणसं धरतात तसा. प्रत्येक अक्षर स्पष्ट होतं, काना, मात्रा, टिंब, बारा वर्षांत शाई जराही फिकी पडली नव्हती. मी वाचलं. "दोन्ही डोळ्यांत आनुवंशिक विकार, मुलाबाळांना दाखवून घेणे. दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक. सरळ रेषा वाकडी दिसू लागल्यास त्याच आठवड्यात येणे, उशीर केल्यास डोळा जाईल."

"खांब," मोहनसिंग म्हणाला. एवढंच. त्याचा हात टेबलाच्या कडेवरून सरळ रेषेत पुढं गेला, टोकाशी थांबला, परत आला. मी वाट बघत होतो. त्यानं शिवी द्यावी, गालात ठेवून द्यावी, मी राणीच्या दिली होती तशी. मग त्यानं विचारलं, "गाळलं न्हाई न्हवं काही?"

"न्हाई भिया. समदं वाचलं."

त्यानं राणीचा खांदा चाचपून तिला जवळ ओढलं, आपल्या गुडघ्यांत उभं केलं आणि तिचं तोंड माझ्याकडं केलं. "परत वाच," तो म्हणाला. "हळू वाच. पोरीला पाठ होऊ दे."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.